दरडीखालच्या वाडीची पावसाळी तयारी: सुरुवात डोंगराच्या माथ्यावरून करा

जून उजाडला की डोंगरकुशीतल्या वाड्यांमधून एकच प्रश्न यायला लागतो: "घरामागे भिंत बांधून घेतली तर चालेल ना?" भिंतीचा विचार सगळ्यात शेवटी करायचा असतो, पण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. वर डोंगराला पडलेली भेग कुणी पाहिलेली नसते, पाणी कुठून मुरतंय ते माहीत नसतं, आणि खाली पन्नास हजारांचं दगडकाम उभं राहतं. मग पावसात त्याच भिंतीच्या भरवशावर लोक घरात झोपतात.

हा लेख सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या वाड्यांसाठी आहे: रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, साताऱ्याचा पाटण भाग, पुण्याचा आंबेगाव-भोर पट्टा. कामाचा क्रम बदलू नका. टप्पा १ ते ५ मे महिन्यात उरकायचे, बाकीचे पावसात.

टप्पा १: आपल्याकडे नेमकं काय येऊ शकतं, ते आधी ठरवा

बातम्यांत सगळ्यालाच "दरड कोसळली" म्हणतात. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींची तयारी वेगळी.

पहिली, कड्यावरून सुटे दगड येणं. वर उघडा कातळ, त्याला उभ्या चिरा, खाली दगडांचा खच. पायथ्याशी कोवळ्या, ताज्या फुटीचे दगड दिसले तर हे अजून चालू आहे.

दुसरी, जमीन खचणं. कातळावर मुरूम-मातीचा जाड थर असतो, तो पाणी पिऊन जड होतो आणि हळूहळू सरकतो. आधी भेगा पडतात, मग झाडं आणि खांब कलतात. यात सूचना मिळायला वेळ असतो, म्हणून बहुतेक तयारी याच प्रकारासाठी उपयोगी पडते.

तिसरी, चिखल-दगड-झाडांचा लोंढा. वरचा थर एकदम सुटतो, पऱ्यात (डोंगरातल्या ओढ्यात) उतरतो आणि वाटेतलं सगळं घेऊन येतो. यात मिनिटंच हातात असतात. पऱ्याच्या तोंडाशी, म्हणजे तो डोंगर सोडून सपाटीला येतो त्या पंख्यासारख्या जागेवर, घर असेल तर हाच धोका मोठा. अशी जागा बहुधा सपाट, सुपीक आणि पाण्याजवळची असते, म्हणूनच तिथे वस्ती झालेली असते.

डोंगर मुळात का सुटतो, तेही थोडक्यात. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे. कठीण कातळ पाणी सहज आत घेत नाही. वरची कुजलेली माती आणि मुरूम मात्र भरपूर पितात. मुसळधार पावसात या दोन थरांच्या सांध्यावर पाणी साचतं, दाब वाढतो आणि वरच्या मातीची खालच्या कातळावरची पकड सुटते. कोकणात जांभ्याखाली चिकण, पांढरट-पिवळट माती असेल तर तीच घसरगुंडी होते. कातळाच्या दोन थरांमध्ये कधीकधी तांबड्या मऊ मातीचा पट्टा दिसतो, त्यावरूनही वरचा भाग सरकतो.

पाण्याचा हिशोब एकदा करून बघा. १०० मिमी पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर साधारण १०,००० लिटर, मोठा टँकरभर पाणी. डोंगराच्या प्रत्येक गुंठ्यावर एक टँकर रिकामा होतोय असं समजा. त्यातलं किती वाहून गेलं आणि किती आत शिरलं, यावर पुढचं सगळं ठरतं.

सावध: "आमचं गाव धोकादायक यादीत नाही" हा आधार धरू नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला, तेव्हा ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जिल्हावार नकाशे १:५०,००० प्रमाणावर आहेत, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. तुमची वाडी त्यात टाचणीच्या डोक्याएवढी. नकाशा तालुक्याच्या नियोजनाला उपयोगी आहे, घरामागची भेग त्यात दिसणार नाही.

टप्पा २: माथ्यावर जा आणि चालत खाली या

उलट क्रमाने पाहणी केली की घरामागच्या उतारावरच नजर अडकते. भेग मात्र बहुतेक वेळा घरापासून बरीच वर, जिथे गुरं चारायला जाणाऱ्यांशिवाय कुणी फिरकत नाही तिथे असते. म्हणून गुराख्यांना सोबत घ्या. मोजपट्टी, पाण्याची पातळी बघायची नळी, खडू आणि वही एवढं पुरतं. गवत वाळलेलं असताना, पहिल्या पावसाआधी जा. गवत उगवलं की भेग त्याखाली लपते.

वर काय शोधायचं:

अर्धचंद्राकार भेग, टोकं उताराच्या दिशेने वळलेली. जमिनीला पायरी पडलेली, खालची बाजू वीतभर खाली बसलेली. माथ्यावरची सपाट जागा जिथे पाणी साचतं: खाचर, जुनी खाण, जेसीबीने सपाट केलेला प्लॉट, साठवण तलाव. मधल्या उतारावर बुंध्याशी वाकून पुन्हा सरळ वर गेलेली झाडं. उन्हाळ्यातही ओला राहणारा पट्टा.

मग घरांमध्ये जा आणि बायकांशी बोला. हे मुद्दाम लिहितोय, कारण पाहणीला आलेली मंडळी सहसा ओट्यावर पुरुषांशी बोलून निघून जातात. एका वाडीत एक काकी म्हणाल्या, "दार गणपतीपासून अडकतंय. सुतार म्हणाला लाकूड फुगलंय." लाकूड पावसात फुगतं आणि उन्हात पुन्हा बसतं. हे दार मे महिन्यात अडकत होतं. चौकट खडूच्या रेघेवर धरून बघितली तर एक कोपरा बोटभर खाली. जोत्याच्या मागच्या बाजूला फरशी आणि भिंतीच्या मधे फट पडली होती आणि तिच्यात घरातल्या पोराने रांगेने गोट्या लावून ठेवल्या होत्या.

*उतार मोजायची सोपी रीत:* एक मीटरची सरळ काठी घ्या. वरचं टोक जमिनीला टेकवा, पाणसळीने (गवंड्याचं पातळी बघायचं साधन) काठी आडवी धरा, दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंत ओळंबा सोडा. ५८ सेंटिमीटर भरले तर उतार ३० अंश, १०० भरले तर ४५ अंश. ३० च्या आसपास किंवा जास्त उतार, वर जाड माती आणि खाली घर असेल तर ती जागा वहीत लाल करा. त्याहून कमी उतार म्हणजे सुरक्षित, असं मात्र नाही. पाणी साचणारा मंद उतारही खचतो.

तपासणी: ही भेग खरी का?

उन्हाळ्यात माती सुकून फुटते त्या भेगा जाळीसारख्या, सगळ्या दिशांना जातात आणि दोन पावसांत मिटतात. सरकण्याची भेग उताराला आडवी, सलग जाते, झाडाच्या मुळांना तोडून किंवा ताणून जाते आणि दोन बाजूंच्या पातळीत फरक असतो. काठी घालून बघा, हातभर आत गेली तर दुर्लक्ष करू नका. शंका असेल तर खरी धरा.

टप्पा ३: भेगेवर खुंट्या ठोका

"भेग वाढलीये" असं सांगून तहसील कार्यालयात कुणी हलत नाही. "२ जूनला २२४० मिमी, ९ जूनला २२५१ मिमी" असं लिहून नेलं की ऐकतात. म्हणून:

१. भेगेच्या दोन्ही बाजूंना, काठापासून किमान एक मीटर लांब, लोखंडी सळईचे दोन-अडीच फुटांचे तुकडे ठोका. दीड-दोन फूट आत जायला हवेत. बांबूच्या खुंट्या चालत नाहीत, पावसात फुगतात आणि हलतात.

२. सळईच्या डोक्यावर करवतीने बारीक खाच पाडा. माप खाचेपासून खाचेपर्यंत, स्टीलच्या टेपने.

३. अशा जोड्या तीन ठिकाणी: मध्यात एक, दोन्ही टोकांना एकेक.

४. दोन डोक्यांवर सरळ फळी ठेवून पाणसळीने पातळीतला फरकही लिहा. जमीन कधी रुंद न होता नुसती खाली बसते.

५. माप नेहमी एकाच माणसाने घ्यावं. मे महिन्यात आठवड्यातून एकदा, पावसात रोज, जोराच्या पावसात सकाळ-संध्याकाळ. मात्र पाऊस कोसळत असताना खालच्या उतारावरून वर चढायचं नाही. वर जायची वाट बाजूच्या सोंडेवरून (डोंगराच्या पुढे आलेल्या धारेवरून) हवी.

एक-दोन मिलिमीटरचा फरक टेपचा असू शकतो. तीन मापं लागोपाठ वाढली आणि प्रत्येक वेळची वाढ आधीपेक्षा मोठी निघाली, तर वाट बघू नका, थेट टप्पा ७.

घराच्या भिंतीतल्या भेगेला पेन्सिलने दोन्ही टोकांना रेघ मारून तारीख टाका. भेग रेघेपुढे गेली की कळतं. सिमेंटने लिंपून टाकलीत तर हा पुरावाच जातो.

टप्पा ४: पाण्याला वाट द्या

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि त्या चांगल्या हेतूने होतात.

"पाणी अडवा, पाणी जिरवा" हे आपण शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो. पाणलोटाच्या कामात ते बरोबरच आहे. पण जाड मातीच्या, भेग पडलेल्या आणि खाली वस्ती असलेल्या उतारावर ते उलटं होतं. अशा जागी समपातळी चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर, ही पाणी आत सोडायची व्यवस्थाच. एका बाजूला लोक श्रमदानाने चर खोदतात आणि दुसऱ्या बाजूला त्याच डोंगराखाली भिंत बांधतात. अशा उतारावर पाणी अडवायचंही नाही आणि जिरवायचंही नाही. जुने चर असतील तर त्यांना एका टोकाने फोडून पऱ्याकडे वाहतं करा.

*पहिलं काम, भेग बंद करणं.* भेगेचा काठ इंग्रजी व्हीसारखा रुंद खणा, चिकणमाती ओली करून थराथराने धुमसून भरा आणि वरून पाणी घरंगळेल असा उंचवटा ठेवा. त्यावर ताडपत्री, वरच्या बाजूला दोन-तीन मीटर जास्त. काठ मातीच्या पोत्यांनी दाबा. दगड ठेवू नका, ते सुटून खाली जातात. मुरूम किंवा खडी भेगेत कधीच भरू नका, त्यातून पाणी सरळ आत जातं. सिमेंटही नको: जमीन केसभर हलली की तडकतं आणि वरून मात्र बंद दिसत राहतं. याने डोंगर थांबत नाही. आत जाणारं पाणी तेवढं कमी होतं.

*दुसरं, वरचा पाणचर.* तो भेगेच्या वर, न हललेल्या जमिनीत हवा, काही मीटर अंतर सोडून. भेगेच्या खाली खणलात तर सरकणाऱ्या भागातच पाणी ओतता. उतार ३० मीटरला ३० ते ६० सेंटिमीटर ठेवा. कमी ठेवला तर पाणी साचतं, जास्त ठेवला तर चर स्वतःच खणत जातो. नजरेने उतार काढू नका, डोंगरात नजर फसते, नळी लावूनच काढा. तळाला जाड प्लास्टिक कागद किंवा उभे कापलेले एचडीपीई (जाड प्लास्टिकचे) पाइप टाका. काँक्रीटपेक्षा हे बरं, जमिनीबरोबर थोडं हलतं आणि फुटत नाही.

*तिसरं, चराचं तोंड.* ते नैसर्गिक पऱ्यात आणि शक्यतो उघड्या कातळावर सुटायला हवं. शेजारच्या आळीच्या डोक्यावर सोडलेला चर म्हणजे धोका पुढच्या घरी ढकलणं, आणि पावसाळाभर पुरेल एवढं भांडण. आधी त्या आळीतल्यांना घेऊन जागा ठरवा, मग कुदळ हातात घ्या.

*चौथं, आपलंच पाणी.* गळकी नळपाणी योजनेची पाइपलाइन, वाहणारी टाकी, घराच्या वरच्या अंगाला खणलेला शोषखड्डा, मागे सोडलेली पन्हळ. हे सगळं वर्षभर उतारात पाणी मुरवतं आणि पाहणीत कुणी मोजत नाही.

तपासणी: पहिला जोरदार पाऊस पडला की तो थांबल्यावर चराच्या तोंडाशी जा. पाणी गढूळ येत असेल तर चर कुठेतरी खातोय. येतच नसेल तर तो मुरवतोय. दुसरं जास्त वाईट.

टप्पा ५: घरामागची कापणी

जेसीबीने डोंगर उभा कापून जोतं काढायचं आणि निघालेली माती पुढच्या उतारावर लोटायची, ही सध्याची रीत. यात दोन चुका एका दिवसात होतात. डोंगराचा पाय काढला जातो, आणि खालच्याच्या डोक्यावर सैल भराव बसतो.

कापणी झालेलीच असेल तर ती उभी न ठेवता पायऱ्यापायऱ्यांनी मागे घ्या, मे संपायच्या आत. भिंत बांधायचीच तर तिच्या मागे खडीचा थर आणि अंगात पाणी बाहेर पडायला पाइपाचे तुकडे ठेवा, दर मीटर-दीड मीटरला. बिनभोकाची भिंत पाणी अडवते आणि त्याच पाण्याने पडते. तीन मीटरच्या वरची भिंत गवंड्याच्या अंदाजाने बांधू नका, अभियंता लागतो.

वाळा जरूर लावा, मुळं दोन-तीन मीटर खोल जातात आणि वरची माती धरतात. पण आठ मीटर जाडीचा थर खालून सरकत असेल तर वाळाही त्याच्याबरोबर खाली येतो.

सावध: पावसात घरामागे थोडी माती घसरली की लोक लगेच जेसीबी बोलावून ती उचलतात. ती माती वरच्याला टेकू देत असते. पाऊस उघडेपर्यंत हात लावू नका, त्या खोलीत झोपणं बंद करा.

टप्पा ६: पाऊस वाडीतच मोजा

तालुक्याच्या गावी ४० मिमी आणि तुमच्या घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट, हे नेहमीचं आहे. २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिमी पाऊस झाला. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळीयेवर आणि पाटण खोऱ्यातल्या वाड्यांवर डोंगर आले.

सरळ बाजूंची, सपाट तळाची पारदर्शक बरणी आणि पट्टी पुरते. खाली निमुळती होणारी बाटली नको. झाड किंवा छपरापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब, उघड्यावर ठेवा. सकाळी साडेआठला मापा, हवामान खात्याची वेळही तीच. मग बरणी रिकामी करा (हे विसरतात आणि दुसऱ्या दिवशी वाडी घाबरते). जोराच्या पावसात दर तीन तासांनी वाचा.

२४ तासांत ६५ मिमी झाले की महसूल खात्याच्या भाषेत अतिवृष्टी. हवामान खात्याच्या वर्गवारीत ११५.६ पासून पुढे अति जोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. पण एका दिवसाच्या आकड्यावर थांबू नका, तीन दिवसांची बेरीज वहीत वेगळ्या रकान्यात लिहा. इर्शाळवाडीच्या परिसरात तीन दिवसांत ४९९ मिमी पाऊस झाल्याचं विधिमंडळात सांगण्यात आलं होतं. आधीच भिजून फुगलेल्या डोंगराला शेवटचा तडाखा फार मोठा लागत नाही.

टप्पा ७: निघायचं दिवसाउजेडी

इर्शाळवाडीवर डोंगर रात्री आला, लोक झोपेत होते. ३० जुलै २०१४ ला माळीण सकाळी गाडलं गेलं आणि बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या चालकामुळे, त्याला गाव जागेवर दिसेना म्हणून. दीडशेच्या वर माणसं गेली. तेव्हा "वेळ आली की निघू" हे ठरवणं नव्हे. निर्णय दुपारी चारपर्यंत व्हायला हवा.

मे महिन्याच्या ग्रामसभेतच लिहून ठेवा की खालीलपैकी एक गोष्ट घडली तर लाल केलेली घरं अंधाराआधी रिकामी होतील, पुन्हा चर्चा नाही:

- रेड अलर्ट आहे आणि दोन दिवस पाऊस उघडलेला नाही.
- २४ तासांच्या बरणीत अत्यंत जोरदारची रेघ ओलांडली.
- खुंट्यांचं माप टप्पा ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे वाढतंय.
- उतारावर नवा झरा फुटला, किंवा विहिरीचं पाणी अचानक गढूळ झालं.
- पाऊस चालू असताना पऱ्याचं पाणी एकदम कमी झालं.

शेवटच्या खुणेला लोक चुकतात. पाणी ओसरलं म्हणून हायसं वाटतं. प्रत्यक्षात वर माती पडून बांध तयार झालेला असतो आणि तो फुटणार असतो. ही खूण दिसली तर चारची वाट बघायची नाही, त्या क्षणी पऱ्यापासून दूर व्हायचं.

जायचं कुठे? शाळा, समाजमंदिर ही ठरलेली उत्तरं आहेत, पण ती इमारतही पायथ्याला किंवा पऱ्याच्या तोंडाशी असेल तर उपयोग नाही. तिचीही टप्पा २ प्रमाणे पाहणी करा. वाटेत पऱ्या ओलांडावा लागतो का, तेही बघा. लागत असेल तर ती वाट रद्द.

म्हातारी माणसं नाही म्हणतात, गुरांसाठी. "गायीला सोडून मी येत नाही" म्हणणाऱ्या आजीशी रात्री वाद घालण्यापेक्षा गुरांचा गोठा आधी ठरवा आणि गुरं दुपारीच हलवा. आजी मागोमाग येते.

आणि डोंगर यायलाच लागला तर? घरघर, झाडं मोडल्याचा आवाज, घरंगळणारे खडे. उताराने खाली पळू नका, लोंढा तुमच्याहून वेगात येतो. आडवं, बाजूच्या सोंडेकडे पळा. सामान नाही, चप्पलही नाही.

टप्पा ८: कोसळल्यानंतरचे पहिले तास

१०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, १०७० राज्याचा, ११२ सगळ्यासाठी. फोन करताना वाडीपर्यंत गाडी येते का, नसेल तर किती चालावं लागतं, ते पहिल्या वाक्यात सांगा. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता, बचाव पथकं चढून गेली.

मातीवर चढू नका, निदान एका माणसाला बाजूच्या उंच जागेवरून वर लक्ष ठेवायला उभं करा. दुसरा लोंढा त्याच वाटेने येतो आणि मदतीला धावलेल्यांवर येतो. तुटलेल्या तारा दिसल्या तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांब.

बचाव पथक येताच त्यांना एक कागद लागतो: कोणत्या घरात, कोणत्या बाजूला, किती माणसं झोपत होती आणि आज रात्री कोण बाहेरगावी होतं. ही यादी त्या रात्री कुणालाच नीट आठवत नाही. म्हणून ती जूनमध्ये करा, घरांच्या नकाशासकट, आणि एक प्रत वाडीबाहेर ठेवा: पोलीस पाटलांकडे, मुंबईला असलेल्या मंडळाच्या माणसाकडे, आश्रमशाळेच्या गुरुजींकडे. मुंबईहून कुणी गणपतीला आलं, पोर शाळेतून सुट्टीला आलं, की ती बदलायची.